नाटक गाजवलं एकीनं, रेकॉर्डवर आवाज दुसरीचा: झाडीपट्टीत हे काय सुरू झालंय?

धानाची_बांधी

या विषयावर आधी कुणी लिहिलंय का ते शोधलं. सापडलं नाही, म्हणून नवा धागा.

झाडीपट्टीतली, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली, एक नाटक कंपनी आहे. तिचं नाव देत नाही, नाटकाचंही देत नाही. ओळखणारे ओळखतील, पण त्यांनीही इथं लिहू नये ही विनंती. गेल्या सीझनला त्यांचं एक संगीत नाटक जोरात चाललं. दुसऱ्या अंकात नायिकेचं विरहाचं गाणं आहे. ब्रह्मपुरीकडं लागो की कुरखेड्याकडं, त्या गाण्याला वन्स मोअर ठरलेला. उन्हाळ्यात कंपनीनं गाणी रेकॉर्ड केली, यूट्यूबवर टाकली, मेमरी कार्डात भरून विकली. थंबनेलवर नायिकेचा स्टेजवरचा फोटो आणि खाली 'ओरिजिनल गाणी'. गाणं लावलं की आवाज भलत्याच बाईचा. नायकाचाही बदललेला. विनोदी जोडीचं गाणं तेवढं त्यांच्याच आवाजात ठेवलंय.

इथवर मला फार काही वाटलं नव्हतं. कंपनी त्यांची, पैसा त्यांचा. पण यंदा मंडईला (दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेला) आमच्या मंडळानं तेच नाटक घेतलं. दुसऱ्या अंकात ती बाई माइकसमोर आली, पहिली ओळ घेतली आणि समोर बसलेल्या पोरांतून आवाज आला, "ओ ताई, मोबाइलवानी म्हना ना!" पोरं हसली. तिनं गाणं पूर्ण केलं आणि चांगलंच केलं, पण वन्स मोअर आला नाही.

ज्या बाईनं ते गाणं गावोगाव उभं केलं, तिलाच आता नकलेसारखं गा म्हणतात. तुमच्याकडंही असं होऊन राहिलंय का? आणि मूळ संच बदलून रेकॉर्ड काढणं बरोबर की नाही, यावर जाणकारांनी लिहावं.

वडसा_जंक्शन

होऊन राहिलंय. वडसा म्हणजे नाटक कंपन्यांच्या ऑफिसांचं गाव. तिथं आता बहुतेकांना कंपनीच्या ऑफिसात जायच्या आधी यूट्यूब बघायची सवय लागली. मंडळवाले मोबाइलवर गाणं लावतात आणि "हे नाटक पायजे" म्हणतात. कंपनीवाल्यांना गाणं चकचकीत पाहिजे ते त्याच्यासाठी. सुपारी, म्हणजे नाटकाचं बुकिंग, गाण्यावर ठरते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर मला त्यात गैर दिसत नाही. जाहिरात आहे ती.

धानाची_बांधी

> जाहिरात आहे ती.

जाहिरात फुकट असते जी. मेमरी कार्डाचे पैसे घेतले.

रातचा_प्रेक्षक

मी आयकलो ते गानं. गोड हाये, नाही म्हनत नाही. पन त्यात रात नाही जी. आमी दंडार, खडी गंमत अशी जुनी लोकनाट्यं पायलेली मानसं. धानाची कापनी झाली का बांधीत मंडप पडे, अंगावर घोंगडं घेऊन पोरंबारं घेऊन बसू, अना तिसरा अंक लागेपरेंत पहाटची थंडी हाडात जाये. तवा ती बाई रडक्या आवाजात म्हने त आमच्या घरची आजी खरंच रडे. आवाज थोडा फाटे. फाटला म्हनून त रडे ना!

ह्या मोबाइलवाल्या गान्यात बाई कोनासाठी रडून रायली तेच समजत नाही.

नागपूरची_संत्री

माझं काम स्टुडिओतलं आहे (नागपूर), म्हणून दुसरी बाजू मांडतो. या रेकॉर्डिंगशी माझा संबंध नाही.

स्टेजवरचा कलाकार स्टुडिओत आणला की काय होतं ते बाहेरच्यांना दिसत नाही. आधी ट्रॅक तयार होतो: कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड, बेस, सगळं क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर). मग गायक कानात हेडफोन घालून त्यावर गातो. ज्यांनी आयुष्यभर उघड्या मैदानात मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला, त्यांना माइकपासून वीतभर अंतरावर हळू गाता येत नाही. सवयच नसते. प्रत्येक शब्दावर जोर येतो. लय सरकते, कारण स्टेजवर लय त्यांच्या हातात असते. दोन ओळींसाठी दोन तास जातात आणि स्टुडिओचं भाडं तासावर असतं. त्यात सीझन संपल्या संपल्या गळा बसलेला. रोजच्या जागरणानं, धुळीनं, थंडीनं दुसरं काय होणार?

मग निर्माता म्हणतो, डबिंग आर्टिस्ट बोलवा. ती येते, गाणं एकदा ऐकते, तासाभरात तीन गाणी म्हणून जाते. यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसतो. स्टेजचं गाणं वेगळं काम आहे, स्टुडिओचं वेगळं. दोन्ही एकाच माणसाला जमलंच पाहिजे असा आग्रह का?

ऑर्गनची_पट्टी

संत्री, तुमचं तांत्रिक म्हणणं सगळं मान्य. मी कंपन्यांबरोबर ऑर्गन वाजवतो, आता अर्धा वेळ कीबोर्डच असतो म्हणा. पण तुम्ही ज्याला अडचण म्हणता तेच आमच्याकडं गाणं असतं.

या विरहाच्या गाण्याचं सांगतो, कारण मी ते स्टेजच्या बाजूला बसून ऐकलंय. अंतरा संपतो तिथं नवऱ्याची चप्पल दारात पडलेली तिला दिसते. ती खाली बसते आणि थांबते. किती थांबायचं ते ठरलेलं नाही. ऑक्टोपॅडवाल्याचे हात वर, माझं बोट पट्टीवर नुसतं टेकलेलं, आणि आम्ही दोघं तिच्या पाठीकडं बघत बसतो. तिचा खांदा हलला की श्वास घेतला, श्वास घेतला की पुढची ओळ, आणि त्या ओळीच्या दुसऱ्या अक्षरावर ठेका. एखाद्या गावात पोरं गोंगाट करत असली की ती लवकर उठते. गाव शांत असलं की बसून राहते, इतकी की मॅनेजर विंगेतून हात हलवायला लागतो.

रेकॉर्डवर ही जागा नाहीच. चार मिनिटांत गाणं बसवायचं म्हणून तिथं बासरीचा तुकडा टाकलाय. बरं, ती गाते काळी पाचमध्ये, ट्रॅक केलाय त्याहून खालच्या पट्टीत, पांढरी चारमध्ये, कारण जी गाणार होती तिला तेवढंच जमत होतं. वरच्या षड्जावर पोचताना जी ताण जाणवायला पाहिजे ती गेली. गाणं सोपं झालं. सोपं गाणं कानाला गोड लागणारच.

पांढरपेशा_पाहुणा

ही कंपनी म्हणजे ती सिंदेवाहीकडची...

*(संपादित. धागाकर्त्यानं सुरुवातीलाच विनंती केली आहे. कृपया नावं नकोत. व्यवस्थापक)*

मॅटिनी_मुंबई

मूळचा ब्रह्मपुरीचा, पोटापाण्यासाठी मुंबईत. आपली संगीत नाटकं आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेची म्युझिकल्स, दोन्हींचा नाद आहे, म्हणून राहवेना. हा वाद झाडीपट्टीत आज आला, न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तर वर्षांपूर्वी होऊन गेला.

तिकडं नाटकाच्या मूळ संचाकडूनच गाणी म्हणवून घेऊन अल्बम काढायची चाल रूढ झाली ती १९४३ च्या 'ओक्लाहोमा!'पासून. डेक्का या रेकॉर्ड कंपनीनं काढला होता. ज्याला न्यूयॉर्कला जाऊन नाटक बघणं शक्य नाही, त्याला घरबसल्या तेच लोक ऐकायला मिळावेत हा हिशेब.

मग १९५० साली 'कॉल मी मॅडम' आलं. संगीत अर्व्हिंग बर्लिनचं, नायिका एथेल मर्मन. बाईचा आवाज असा की विनामाइक शेवटच्या रांगेत पोचायचा. नाटकाला पैसा लावला होता आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीनं, त्यामुळे अल्बमचे हक्क त्यांचे. पण मर्मन करारानं बांधलेली डेक्काशी, आणि डेक्का तिला सोडेना. शेवटी आरसीएनं बाकी सगळा मूळ संच घेतला आणि मर्मनच्या जागी डायना शोरला गायला लावलं. डेक्कानं मर्मनला घेऊन वेगळा अल्बम काढला, त्यात बाकीचे गायक बाहेरचे. म्हणजे बाजारात एकाच नाटकाचे दोन संच: एकात सगळे खरे पण नायिका बदललेली, दुसऱ्यात नायिका खरी पण भोवतालचे बदललेले. पूर्ण नाटक कुठल्याच तबकडीवर नाही.

डायना शोर गायिका म्हणून उत्तम होती, हेही सांगायला हवं. मऊ, रेडिओला शोभणारा आवाज. प्रश्न तिच्या गाण्याचा नव्हताच. मर्मनच्या दणदणीत आवाजासाठी बेतलेली गाणी तिच्या गळ्यात घातली होती. ऑर्गनवाल्यांनी पट्टीबद्दल लिहिलंय ते वाचून मला हेच आठवलं.

वडसा_जंक्शन

भारी माहिती. पण एक फरक आहे. तिथं करारामुळं नाइलाज होता. इथं नाइलाज कसला? पैसे वाचवायचे म्हणून केलं, एवढंच ना?

आणि दुसरं. आपल्याकडं संगीत नाटकात भूमिका एकाकडून दुसऱ्याकडं जातच आली. पद नाटकाचं असतं, माणसाचं नसतं. मग रेकॉर्डवर दुसरी आली तर एवढं काय?

मॅटिनी_मुंबई

भूमिका जाते, शंभर टक्के. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ८ जुलै १९२१ चं 'संयुक्त मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्या एकत्र आल्या. नायिका भामिनी झाले बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव भोसले. मूळ १९११ च्या प्रयोगात धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. दहा वर्षांनी त्याच पदांसाठी लोक केशवरावांना ऐकायला तुटून पडले, आणि कुणी म्हटलं नाही की फसवलं. कारण धैर्यधर कोण हे आधीच गावभर माहीत होतं. त्यासाठीच तर तिकिटं काढली होती.

अजून जवळचं घ्या. 'कट्यार काळजात घुसली', पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७. आपल्या विदर्भाचा दोन्हीकडून हात लागलेलं नाटक: लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे जन्मानं मूर्तिजापूरचे. २०१५ च्या सिनेमात खाँसाहेब सचिन पिळगावकर, गळा वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडेचा. सदाशिव सुबोध भावे, गळा महेश काळेचा, आणि त्या गाण्याला महेश काळेला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पडद्यावर तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा. कुणाला राग आला? कारण नावं ठळक छापली होती.

आता उलटं बघा. 'माय फेअर लेडी' नाटकाचा १९५६ चा मूळ संचाचा अल्बम ज्युली अँड्र्यूजच्या आवाजातला. १९६४ चा सिनेमा आला तेव्हा नायिका ऑड्री हेपबर्न, आणि तिची बहुतेक गाणी म्हटली मार्नी निक्सननं. तिचं नाव सिनेमातही नाही आणि त्या वेळच्या अल्बमवरही नाही. त्याचा बोभाटा अजून संपलेला नाही.

नागपूरची_संत्री

'वेस्ट साइड स्टोरी'चंही सांगा की. तिचा संगीतकार बर्नस्टाइननं स्वतः १९८४ मध्ये ती पुन्हा रेकॉर्ड केली, ऑपेराचे मोठमोठे गायक घेऊन. संगीतकाराचीच इच्छा असेल तर?

मॅटिनी_मुंबई

हो, किरी ते कानावा आणि होसे कारेरास. आवाज दैवी. पण कथेत टोनी हा न्यूयॉर्कच्या गल्लीतला गोरा पोरगा, ज्याचं प्रेम प्वेर्तो रिकोच्या मुलीवर बसतं. कारेरास स्पेनचा, उच्चार स्पॅनिश. नायिका स्पॅनिश बोलणारी आणि नायक अमेरिकन ही नाटकाची मूळ फोड, ती ऐकताना उलटीपालटी होते. रेकॉर्डिंग चालू असताना बर्नस्टाइन आणि कारेरास यांची झालेली चकमक त्या रेकॉर्डिंगवरच्या माहितीपटातच आहे, बघा कधी.

पण ते रेकॉर्डिंग कुणी मूळ संचाचं म्हणून विकलं नाही. कव्हरवर गायकांची नावं मोठ्या अक्षरात. १९५७ चा मूळ संचाचा अल्बम वेगळा मिळतो, हा वेगळा मिळतो. ज्याला जे पाहिजे ते घ्यावं.

रातचा_प्रेक्षक

उच्चाराचं बराबर बोलले. ह्या मोबाइलवाल्या बाईनं आमच्या बोलीतल्या गान्याले पुन्याची करून टाकली. नवऱ्याले हाका मारते त वाटते बँकेत टोकन नंबर पुकारून रायली.

ऑर्गनची_पट्टी

😂😂

सुपारी_फुटली

मंडळवाला म्हणून लिहितो. आम्हाला काय, गाव खूश पाहिजे. गेटवर पैसा जमला तर शाळेच्या कंपाउंडला नाहीतर देवळाच्या सभामंडपाला लागतो. मोबाइलवरचं गाणं ऐकून लोक येतात. आले म्हणजे झालं. एवढा कीस कशाला काढायचा?

धानाची_बांधी

आले, ते खरं. पण आल्यावर काय म्हणाले ते मी वर लिहिलंय.

काळा_कोट

गडचिरोलीत वकिली करतो. कायद्याचं थोडक्यात, कारण वर दोनतीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

गाण्याचे शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा. गाणाऱ्याला वेगळा हक्क असतो, त्याला कलावंताचा हक्क म्हणतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ आणि त्यापुढची कलमं बघा. मुदत पन्नास वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनं दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या: व्यापारी वापर झाला तर कलावंताला मानधनाखेरीज वेगळी रॉयल्टी, आणि सादरीकरण माझं आहे हे नावानिशी सांगितलं जाण्याचा हक्क.

गंमत बघा. रेकॉर्डवर नायिकेचा आवाजच नाही, त्यामुळे त्या रेकॉर्डिंगपुरता तिचा हा हक्क लागूच होत नाही. आवाज काढून टाकला की हक्कही गेला. उलट स्टुडिओत जी गायली तिचा हक्क पक्का, आणि धाग्यावरून दिसतं की तिचंही नाव कुठं नाही. म्हणजे जिनं नाटक केलं तिचा फोटो आहे, आवाज नाही. जिनं गायलं तिचा आवाज आहे, नाव नाही. नुकसान दोघींचं.

नायिकेच्या बाजूनं बोलायचं तर फोटो आणि 'ओरिजिनल' हा शब्द धरावा लागेल. तो ग्राहकाच्या दिशाभुलीचा मुद्दा आहे, कॉपीराइटचा नाही.

आणि कवी-संगीतकारांसाठी: हक्क दिले-घेतले तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात. कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. आपल्याकडं चहाच्या टपरीवर तोंडी व्यवहार होतात, त्याला काही अर्थ नाही. नाटक लिहून देणाऱ्यांनी हे तरी बघावं. अमुक प्रकरणात काय होईल ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, तेव्हा व्यक्तिगत निरोप पाठवून फुकट सल्ला मागू नये. 🙂

रंगपटातली

बरेच दिवस वाचत होते, आज लिहिते. ज्या नायिकेबद्दल चाललंय ती मी नाही. पण दुसऱ्या कंपनीत माझ्या बाबतीतही हेच झालंय, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते.

आमचं पोट नाइटवर, म्हणजे रात्रीच्या प्रयोगावर, असतं. दिवाळीपासून होळीपर्यंत जेवढ्या नाइटा तेवढे पैसे. पुढं उन्हाळा. त्यात कुणी ऑर्केस्ट्रात जातं, कुणी तेंदूपत्त्याला, कुणी माहेरी. गाणाऱ्या बाईची नाइट न गाणाऱ्या बाईपेक्षा जास्त असते. गळा हा आमचा सातबारा आहे, असं समजा.

रेकॉर्डिंगला मला बोलावलंच नाही. मागून कळलं. विचारलं तर म्हणाले, "ताई, तुमचा आवाज बसला होता ना." बसलाच होता. सीझन संपून चार दिवस झाले होते, बसणार नाही तर काय? पंधरा दिवस थांबले असते तर आला असता.

मला त्या स्टुडिओवाल्या मुलीचा राग नाही. तिला एका दिवसाचे पैसे मिळाले असतील, तिनं म्हटलं. मला राग पुढच्या गोष्टीचा आला. दुसऱ्या वर्षी नवीन कंपनीशी बोलणी करायला गेले, तर समोरच्यानं मोबाइल काढला, ते गाणं लावलं आणि म्हणाला, "हे तुमचंच ना?" आता काय सांगू? हो म्हटलं तर खोटं, आणि स्टेजवर उभी राहिले की उघडं पडणार. नाही म्हटलं तर म्हणेल, मग तुम्ही गाता की नाही गात? मी तिथंच, त्याच्या टेबलासमोर, गाणं म्हणून दाखवलं. बाजूला चहावाला पोरगा उभा होता, दुसरा एक मॅनेजर फोनवर डिझेलच्या भावाचं बोलत होता. आपलंच गाणं, परीक्षा दिल्यासारखं.

काम मिळालं. पण त्याच माणसानं वर सांगितलं, "प्रेक्षकांना मोबाइलवालंच पाहिजे असलं तर आपण स्टेजवर ट्रॅकच लावू, तुम्ही नुसते ओठ हलवा." ही खरी भीती आहे. रेकॉर्डवर आवाज बदलला इथवर थांबणार नाही, स्टेजवरही बदलेल. मग ऑर्गनवाले कशाला आणि तबलजी कशाला?

ऑर्गनची_पट्टी

ताई, ओठ हलवायचं दोन ठिकाणी सुरू झालंय. नाचाच्या गाण्यांना ट्रॅक आधीपासून वाजतो, ते एकवेळ चाललं. पण नाट्यगीताला ट्रॅक म्हणजे आमचं दुकान बंद.

मॅटिनी_मुंबई

ट्रॅकवर ओठ हलवायचं निघालंय म्हणून एक सांगतो. 'माय फेअर लेडी'च्या सिनेमात रेक्स हॅरिसन अडून बसला होता. नाटकात तो अर्धं बोलत अर्धं गात असे, दर प्रयोगाला वेगळी लय. म्हणाला, आधी रेकॉर्ड करून नंतर ओठ हलवणं मला जमणार नाही. शेवटी त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक लपवला आणि चित्रीकरण चालू असतानाच त्याचं गाणं घेतलं. १९६४ सालच्या तंत्रावर. आज वडशातल्या साउंडवाल्याकडं त्यापेक्षा चांगलं सामान असेल.

नागपूरची_संत्री

रंगपटातली ताईंचं वाचून थोडा विचार केला. स्टुडिओत न आणता प्रयोगातच रेकॉर्डिंग करणं शक्य आहे आणि खर्चही कमी. कुणाला करायचं असेल तर लिहून ठेवतो.

नुसतं मिक्सरमधून बाहेर निघणारं एकत्र आउटपुट घेऊ नका, त्यात जे बिघडलं ते कायमचं बिघडलं. प्रत्येक माइकचा फीड वेगळा रेकॉर्ड होईल असा मिक्सर भाड्यानं घ्या, आता मिळतात. समोर टांगलेल्या माइकमध्ये पायांचा आवाज फार येतो, म्हणून नायक-नायिकेला कॉलर माइक. ऑर्गन आणि कीबोर्डची लाइन सरळ घ्या, तबल्याला वेगळा माइक. एक माइक प्रेक्षकांकडं तोंड करून ठेवाच, नाहीतर वन्स मोअर येणार कुठून?

सगळ्यात मोठा शत्रू जनरेटर. मंडपाच्या मागं लावतात, त्याची घरघर सगळ्या माइकांत बसते. लांब केबल टाकून पलीकडच्या बांधीत न्या. आणि एकाच प्रयोगावर अवलंबून राहू नका, लागोपाठच्या दोनतीन गावांत घ्या, मग त्यातलं चांगलं निवडा. रेकॉर्डिंग सीझनच्या सुरुवातीला करा, गळे ताजे असताना. होळीपर्यंत थांबलात तर परत मलाच फोन कराल.

वडसा_जंक्शन

हे पटलं. वर मी जाहिरात म्हटलं होतं, ते अजूनही म्हणतो, पण जाहिरातीत खरा माल दाखवावा. परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टीच्या स्टेजवर उभं राहून केलेल्या कामाची. त्या स्टेजचा आवाज आपणच पुसायचा म्हणजे कठीण आहे.

सुपारी_फुटली

प्रयोगात रेकॉर्डिंग करायचं तर आमच्या गावात करा. लाइट जात नाही. (बहुतेक.)

धानाची_बांधी

ताजी खबर. मंडळाचा हिशेब पूर्ण करायला मी कंपनीच्या ऑफिसात गेलो होतो, तेव्हा हा विषय काढला. मालक भडकतील वाटलं, पण तसं झालं नाही. धाग्याची लिंक दाखवली, त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. रंगपटातली ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

दोन गोष्टी कबूल केल्या. यूट्यूबवर गाण्याखाली स्टुडिओतल्या गायक-गायिकेची नावं टाकणार आणि 'ओरिजिनल' काढणार. हे त्याच दिवशी ऑपरेटरला सांगून करून घेतलं, मी बघितलंय. दुसरं, विरहाचं गाणं प्रयोगात रेकॉर्ड करून वेगळं टाकणार. मेमरी कार्ड विकली गेली ती गेली, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही ताणलं नाही. फोटो मात्र बदलायला तयार नाहीत. म्हणाले, फोटोवरच लोक थांबतात.

नायिका प्रयोगातल्या रेकॉर्डिंगला तयार आहे. तिची एकच अट: मध्ये थांबते ती जागा कापायची नाही.

नायकानं मात्र नकार दिला. म्हणे, "स्टुडिओतला माझ्यापेक्षा बरा गातो, राहू द्या त्याचाच. माझ्या सासुरवाडीत सगळ्यांना तो मीच वाटतो."

काळा_कोट

नायकाची संमती लेखी घ्या.

ऑर्गनची_पट्टी

रेकॉर्डिंगच्या रात्री मी कीबोर्ड आणणार नाही, ऑर्गनच आणणार. भात्याला एक चीर आहे, ती आधी शिवून घ्यावी लागेल. चामड्याचं काम करणारा कुणी लाखांदूर-अर्जुनी भागात माहीत असेल तर निरोप पाठवा. वडशातला बंद झाला.